कोल्हा बांध सरकवतोय

तंत्रज्ञानावर माझं जुनं प्रेम आहे. एकतर्फी. (बायकोच्या मते मला एकतर्फी प्रेमाचीच सवय आहे. पण तिला इतक्यात मध्ये आणत नाही, ती आपोआप येतेच.)

किन्हवलीतलं आमचं पहिलं भाड्याचं घर या प्रेमापायीच गेलं. घरमालकांचा फोन फार जड चालतो म्हणून मी तो हलका करून दिला. झालाही हलका; फक्त जे काही गेलं त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. शेणव्याचं दुसरं घर का गेलं ते विचारू नका, त्यात एक मिक्सर होता. म्हणून शाळेशेजारच्या वाडीत बारकूदादांचं घर मिळालं तेव्हा मेघानं, म्हणजे बायकोनं, मला उंबरठ्यावरच अडवलं.

"मोठं स्वयंपाकघर आहे, दारात नळ आहे, पुढे सारवलेलं अंगण आहे. हे घर गेलं तर मी माहेरी मुरबाडला. तुमचं तुम्ही बघा."

"अगं, पण मी काय करणार आहे?"

"तेच सांगते. काही करू नका."

दोन वर्षं मी खरोखर काही केलं नाही. (शाळेतही नाही, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात.) आणि मग शहापूरला प्रशिक्षण झालं. तिथे एका चुणचुणीत पोरानं दाखवलं की एकच प्रेझेंटेशन सगळ्यांनी मिळून, आपापल्या फोनवरून, एकाच वेळी करता येतं. आणि तेही फुकट! फुकट हा शब्द कानावर पडला की माझ्यातला शिक्षक खडबडून जागा होतो. गुरुवारी केंद्रप्रमुख शीतल मॅडम शाळेला भेट द्यायला येणार होत्या. ठरलं. सातवीच्या पोरांकडून 'आपली वाडी' असा नकाशा भरून घ्यायचा, तोही मॅडमसमोर, भिंतीवरच्या टीव्हीवर.

पहिली अडचण अशी की माझ्या खात्यात जागाच नव्हती. फुकटची सगळी जागा 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी खाल्ली होती, आणि लोकांनी प्रेमानं पाठवलेले गुलाब मला पुसवेनात. मी मेघाचं खातं मागितलं.

"घराला काही धोका नाही ना?" तिनं विचारलं.

"शाळेच्या कामाचा घराशी काय संबंध?" (हे वाक्य मी आता कुठेही उच्चारत नाही.)

मग मी तिच्या खात्यातून फोनवर अंगठ्यानं नकाशा काढला. रस्ता, शाळा, विहीर, घरं, आमच्या मागचा दोन म्हशींचा गोठा, बारकूदादा आणि शेजारचे काळूराम यांच्या जमिनींमधला बांध, बांधावरचा आंबा. आमच्या घराच्या दारात निळ्या शर्टातला एक छोटासा माणूसही उभा केला. तो मी. माणसाला थोडी हौस असावी.

पोरांकडे कुठले फोन? फोन पालकांचे. म्हणून पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं : 'सर्वांनी नकाशात आपापली जागा भरावी. गुरुवारी दुपारी बारापर्यंतच बदल करता येतील. नंतर तक्रार चालणार नाही. हुकमावरून.' हुकमावरून हे मी सगळ्याच निरोपांखाली लिहितो, बरं दिसतं. शिवाय पोरांना बजावलं, गुरुवारी घरचे फोन घेऊन या.

गुरुवारी मॅडम खुर्चीत बसल्या, टीव्हीवर नकाशा झळकला, आणि वर्गात एकाकडेही फोन नव्हता.

"फोन कुठे आहेत रे?"

"बाबाला पायजे हाय, गुरुजी," काळूरामचा ऋतिक म्हणाला. "घरी मोजनीचा काम चाललाय."

कसली मोजणी, असं मी विचारणार तोच पोरं ओरडली, "गुरुजी, बांध हलला!"

खरंच हलला होता. रेघ सरकत सरकत बारकूदादांच्या बाजूला निघाली होती. आता गंमत अशी की नाव न नोंदवता कुणी आत शिरलं की हे फुकटातलं प्रेझेंटेशन त्याला स्वतःच एखाद्या जनावराचं नाव देतं. रेघेच्या टोकाला लिहिलं होतं, 'अनोळखी कोल्हा'.

"कोल्हा आमचा बाबा!" ऋतिक छाती काढून उभा राहिला.

इतक्यात रेघ थांबली आणि हळूहळू उलटी फिरली. तिथे आता 'अनोळखी हत्ती' आला होता.

"हत्ती आमचा बाबा," बारकूदादांची वैष्णवी म्हणाली.

"कशावरून गं?" मॅडमनी कौतुकानं विचारलं.

"एकाच बोटानं सरकवतो. दुसऱ्या हातात तंबाखू असते."

मग जे सुरू झालं ते आवरणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. कोल्ह्यानं आंबा उचलून आपल्या शेतात नेला. हत्तीनं तो परत आणला आणि शेजारी आणखी दोन लावले. एका बदकानं विहीर आपल्या परसात ओढली. एका उंटानं तर वाडीचा रस्ताच वळवून स्वतःच्या दारापर्यंत नेला; बिचारा प्रत्येक ग्रामसभेत हीच मागणी करून थकला होता. अर्धा वर्ग कोल्ह्याच्या बाजूनं ओरडत होता, अर्धा हत्तीच्या. मॅडम वहीत लिहीत होत्या : 'पालकांचा सहभाग अत्यंत उत्साही.'

"यांची एवढी तयारी कशी करून घेतलीत, सर?"

"हळूहळू," मी म्हणालो. एक डोळा घड्याळावर होता.

घड्याळात बारा वाजले. दिलेला शब्द पाळणारा माणूस मी. लॅपटॉपवर बटण दाबलं आणि सगळ्यांचे बदल बंद करून टाकले. नेमका त्या क्षणी बांध कोल्ह्याच्या हातात होता. तो आमच्या, म्हणजे बारकूदादांच्या, अंगणाच्या मधोमध थांबला.

मॅडमची गाडी वळायच्या आत बारकूदादा वर्गाच्या दारात हजर.

"गुरुजी, बांध माज्या आंगणातून नेलाव?"

"अहो दादा, तो नुसता नकाशा..."

"नुसता? तालुक्याची बाय बसवलीव, टीवीवर दाखवलाव, बाराची टाइम दिलीव, खाली हुकूम लिवलाव! त्या आंगणात माजा भात झोडाचा हाय. कुठं झोडू, टीवीवर?"

मी तोंड उघडणार तोच मागून काळूराम आले. हातात पिशवी, चेहरा लग्नघरासारखा.

"घ्या गुरुजी, पेरू. आमच्या आंगणातलं."

अंगणात पेरूचं झाड एकच होतं, आणि ते आज सकाळपर्यंत बारकूदादांचं होतं. बारकूदादांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "माज्याच घरात ऱ्हाता, आन माजंच आंगण वाटता? सांजच्याला घर खाली करा."

मी घरी कसा पोचलो ते मला आठवत नाही. बारकूदादांचा राग मी सोसला असता. भीती मेघाची होती, तरी तिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तरी चाललं असतं. पण ती नुसती उठली, स्वयंपाकघरावरून एक नजर फिरवली, दारातल्या नळावरून हात फिरवला आणि फोन घेऊन शेजारी धोंडाबाईंकडे, बारकूदादांच्या बायकोकडे, गेली. तिच्या त्या नळावरच्या हातानं मला फार वाईट वाटलं. मी पायरीवर पेरू घेऊन बसलो. खायची हिंमत झाली नाही, कारण तो नक्की कुणाचा हे ठरायचं होतं.

शेजारून आधी आवाज चढले, मग कुजबुज, मग चक्क हसणं. मेघा आली.

"घर राहिलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "कसं काय?"

"बांध होता तिथे नेऊन ठेवला. रस्ता, विहीर, सगळं पहिल्यासारखं केलं. ज्यादाच्या आंब्यांतला एक काळूरामभाऊंना दिला, नकाशापुरता. आणि खात्याचा पासवर्ड बदलला. धोंडाबाई म्हणाल्या, 'बायचा काय दोष? बायला नाय काढाची.'"

"अगदी बरोबर!"

"मग बारकूदादा म्हणाले, 'पन गुरुजीला कायतरी शिक्षा होवालाच पायजे.' तेही मला बरोबरच वाटलं."

"म्हणजे?"

"नकाशा बघा."

मी फोन उघडला. बांध जागेवर, अंगण जागेवर. आमच्या दारातला निळ्या शर्टाचा माणूस मात्र दिसेना. बराच शोधल्यावर सापडला. मागच्या गोठ्यात होता, दोन म्हशींच्या मध्ये. मी मागच्या दारातून वाकून पाहिलं, तर बारकूदादा खरोखरच एका म्हशीला ढकलून तिथे बाज टाकत होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"शिमग्यापर्यंत. तक्रार चालणार नाही."

ती आत गेल्याचं पाहून मी हळूच त्या माणसावर अंगठा ठेवला आणि त्याला घराकडे ओढलं. तो हलला नाही. पुन्हा जोर लावून ओढलं. तेव्हा पडद्यावर एक चौकट आली : 'तुम्हाला फक्त पाहण्याची परवानगी आहे.'