सेंटआत्या

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हौसाआत्याचं नाव घेतो. विचारणारा आमच्या गुंजवणे गावचा असेल तर तो लगेच नाक दाबून हसतो. कारण आत्या आधी वास घेते, मग बोलते.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पाहुणा दारात आला की 'या, बसा'च्या आधी तिच्या नाकपुड्या हलतात. "स्टँडवर भजी खाल्लीस व्हय?" हे तिचं स्वागत. मोबाईल तिने आजवर हातात धरलेला नाही. "त्यातनं मानूस बोलतंय, पन वास कुटं येतो त्याचा?" म्हणून तिला मी अजून पत्रं लिहितो.

नवरा गेल्यावर सासरी तिचा निभाव लागला नाही. तिने भोरला एक खोली घेतली, चार घरची भांडी धरली आणि मला शिकायला स्वतःजवळ आणलं. मी अकरावीत असताना तिच्या कामावरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी घर विकलं. कपाटाच्या तळाची एक जुनी सेंटची बाटली त्यांनी आत्याच्या हातावर ठेवली. "फेकणारच होते. बघ उघडली तर."

बाटली जाड काचेची, बूचही काचेचं. तळाशी चहासारखं तपकिरी काहीतरी. बूच हलेना. आत्याने बाटली गुडघ्यांत धरली, गळ्याला सुतळीचा वेढा दिला, एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे, आणि ताक घुसळावं तशी आम्ही सुतळी ओढत राहिलो. काच गरम झाली, बूच सुटलं. वार्निशसारखा उग्र भपकारा आला.

"आत्या, नासलंय. टाकून दे."

"थांब. वास अजून यायचाय."

मनगटाला बूच टेकवून ती तांदूळ निवडायला बसली. तांदूळ निवडून झाले तेव्हा खोलीत गुलाब होता. भात शिजेपर्यंत गुलाब गेला आणि चंदनासारखं काही आलं. जेवताना तिने मनगट माझ्या नाकाशी धरलं. कापणीआधी आंबेमोहराच्या खाचरावरून वारा येतो, तसा मऊ, गोडसर वास होता.

"बगितलंस? इतकी वर्सं कोंडलं व्हतं बिचारं. पयल्यांदा शिव्याच देनार की."

त्या दिवसापासून 'वास अजून यायचाय' हे वाक्य तिने जगाला लावलं. नवा सरपंच पहिल्या सभेत फार गोड बोलला, तर म्हणाली, वास अजून यायचाय. वर्षभरात तोही आला. बारावीला मी इंग्रजीत नापास झालो. वडील म्हणाले, पुरे झालं, म्हशी धर. आत्या म्हणाली, "थांब दादा, पोराचा वास अजून यायचाय." तिने आणखी दोन घरची भांडी धरली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

ती रोज बूच मनगटाला लावूनच बाहेर पडायची. गावी आली की बायका पदर नाकाला लावायच्या. "आली बाई सेंटआत्या. नवरा न्हाई, लेकरू न्हाई, वास कुनासाठी?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी निम्मं गाव यायचं. आत्या आत चहा उकळायची. विधवेच्या हाताला अत्तर लावत नाहीत. हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझं नि प्राजक्ताचं लग्न झालं. माझ्या काकी मांडवाच्या दारात बायकांच्या हाताला अत्तर लावत होत्या. रांगेत आत्याने हात पुढं केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काकींनी तिच्या मागच्या बाईचा हात धरला.

"तुमाला कशाला, वन्सं? तुमच्या अंगाचा वास हितपत्तुर येतोय की."

बायका हसल्या. आत्याही हसली आणि हात पदराखाली घेतला.

पंगती उठल्यावर ती मला खरकट्या भांड्यांच्या ढिगामागं सापडली. बूच मनगटावर घासत होती. मी बाटली हातात घेतली. आत थेंब नव्हता. काच कोरडी ठणठणीत.

"कधी संपलं गं?"

"तू नोकरीच्या मुलाखतीला गेलास तवा. तुज्या सदऱ्याला लावलं न्हवं का?"

त्याला सहा-सात वर्षं झाली होती.

"मग ह्या बायकांना वास कसला येतो?"

"म्या बी तोच इचार करते." तिने बाटली परत घेतली आणि बूच घट्ट बसवलं. "पन येऊ दे. कुनाला तरी येतोय."

आत्या आता गावीच असते, भोरच्या खोलीत मी नि प्राजक्ता. या संक्रांतीला मी तिला पत्र टाकलं.

ती. हौसाआत्यास सा. नमस्कार.

येत्या शुक्रवारी आमच्या भोरच्या खोलीवर हळदीकुंकू आहे. तू यायचंस, आणि चुलीपाशी बसायचं नाही. प्राजक्ता आधी तुझ्या हाताला अत्तर लावेल. मग दारात उभं राहून तू सगळ्यांना लावायचंस. आई नि काकी म्हणाल्या, असं असेल तर आम्ही येणार नाही. मी बरं म्हणालो. शेजारच्या बायका काय करतील, माहीत नाही.

अत्तर नवं आणलंय. तुझ्या बाटलीतल्यासारखं नाही. दुकानात मला आवडलं नव्हतं, घरी येईपर्यंत बरं झालं. बाटली घेऊन ये, तीत भरू.

कुणीच आलं नाही तर दार उघडं ठेवून आपण तिघं बसू. थांबू.

तुझा,
दत्ता