रिकामं चालेल का?

अण्णा खांबेटे इडलीसुद्धा नियम आखून मागवतो. बंगळूरमध्ये यशवंतपूरला आमच्या घराजवळ उभ्याने खायचं हॉटेल आहे. काउंटरवरचा माणूस विचारतो, "सांबार, चटणी?" अण्णा सांगतो, "सांबार रिकामं चालेल. चटणी सक्तीची." तो बिचारा कानडीत "सरी सर", म्हणजे 'बरं साहेब', म्हणतो आणि दोन्ही वाढतो.

आम्ही दोघं एकाच सरकारी कारखान्यातून निवृत्त झालो. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हापासून अण्णाला हा नाद आहे. डेटाबेसमध्ये माहिती भरण्याआधी रकाने आखावे लागतात: रकान्याचं नाव काय, अक्षरं की आकडे, किती अक्षरं, आणि शेवटी एक चौकट, 'रिकामं चालेल का?' तिथे टिक नसेल, तर तो रकाना भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही. अण्णाला टिक न करण्यात परमानंद. एकदा मुलगी बघायला गेला, तेव्हा तिच्या वडिलांना म्हणाला, "आवडनिवड या रकान्याला किती अक्षरं ठेवू?" लग्न राहिलं ते राहिलंच.

इथल्या आमच्या मराठी मंडळाची सभासदयादी त्याच्याकडे दिली. महिनाभर नुसते रकाने आखत बसला. "वसंता, पाया आहे हा!" अखेर दोनशे जणांची यादी छापून आली. तीत अण्णाचंच नाव नव्हतं.

भर सभेत मी उठलो. "स्वतःला विसरणारा माणूस आपली काय आठवण ठेवणार?" सगळे पोट धरून हसले. काम त्याच्याकडून काढून मला दिलं. अण्णा एवढंच म्हणाला, "चूक माझीच."

काम समजून घ्यायला मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, आधी तुझंच नाव भरू. नाव, पत्ता, रक्तगट, सगळं भराभर झालं. मग रकाना आला, 'अडचणीत कोणाला कळवायचं'. सक्तीचा. अण्णाची बोटं थांबली.

"पूर्वी सगळीकडे ताईचं लिहायचो," तो म्हणाला. "ती गेल्या वर्षी गेली."

"अरे, मग टिक कर ना तिथे! एका क्लिकचं काम."

"दोनशे लोकांना सक्ती, आणि मला सूट?"

तो विसरला नव्हता. महिनाभर रोज त्या रकान्यापर्यंत येऊन परत जात होता.

"माझं नाव लिही," मी म्हणालो. त्याने लिहिलं. पुढचा रकाना 'नातं', वीस अक्षरं, हाही सक्तीचा. "विचार करून भरतो," म्हणत त्याने लॅपटॉप मिटला.

मंडळात अण्णा अजून विसराळू म्हणून ओळखला जातो. ती ओळख मी दिली, आणि खरं काय ते कळल्यावरही पाच वर्षं गप्प बसलो. आज ती परत घेतो.

त्या भेटीनंतर चौथ्या दिवशी मी यादी उघडली, तेव्हा त्याची नोंद जतन झालेली होती. नातं: 'भांडायला हक्काचा'.