शिदूआबांची निम्मी गोळी

शिदूआबांनी माणसाच्या काट्यावर कधी वजन केलं नाही. ते वजन करायचे ऊसकाट्यावर.

साखर कारखान्याच्या काट्यावर आबांनी तीस वर्षं उसाच्या गाड्या मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही महिन्याकाठी तिथे जायचे. एखादा रिकामा ट्रॅक्टर काट्यावर आला की त्यावर चढून उभे राहायचे, आकडा वाचायचे, मग खाली उतरून पुन्हा आकडा वाचायचे. पहिल्यातून दुसरा वजा केला की आबांचं वजन. त्यातूनही धोतर, पटका आणि चपला यांचे दोन किलो कापायचे. "उसाच्या वजनातनं मोळीची बांधणी कापत्यात न्हवं? मग माझी का नगं?" वजन कधी एकशे दहा भरायचं, कधी एकशे तीस. मी एकदा माझ्या दुकानातल्या काट्यावर उभं राहा म्हटलं, तर त्याच्याकडे नातवाच्या खुळखुळ्याकडे बघावं तसं बघून म्हणाले, "ताई, ह्ये चिमण्यांसाठी ठीक हाय."

माझं औषधांचं दुकान आबांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी नियमाची माणूस. चिठ्ठी नसेल तर सख्ख्या नणंदेलाही झोपेची गोळी देत नाही, आणि यावरून आमच्याकडे एक दिवाळी अबोल्यात गेली आहे. अशा बाईच्या नशिबी आबा यावेत हा दैवाचा चहाटळपणाच म्हणायचा.

आबांचं ब्रीद एकच, 'निम्मं-निम्मं.' तालमीत असल्यापासून ते आणि कांबळे गुरुजी, म्हणजे आबांचा किसना, जोडीदार. बदामाची थंडाई आली तर निम्मी-निम्मी, भेळ आली तर कागद मधोमध फाडून निम्मी-निम्मी. पेपरसुद्धा पहिली चार पानं आबांची आणि उरलेली गुरुजींची. आबा मोठमोठ्यानं बोलणारे, देहानं धान्याच्या कणगीएवढे. गुरुजी किडकिडीत, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं आणि धारदार. शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे आबांच्या काट्यावरच्या हिशेबाला ते 'शिद्याची वजाबाकी' म्हणायचे. रोज सकाळी दुधाच्या कट्ट्यावर दोघांची भेट ठरलेली. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, आणि फेसाचं दूध दोघांत निम्मं-निम्मं.

एकदा आबांना खोकला झाला. मी औषधाची बाटली दिली. दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले आणि त्यांनी ती निम्मी बाटली काउंटरवर ठेवली. बाटलीवर आबांनी पेनानं रेघ मारली होती. वरचं आबांनी पिऊन टाकलं होतं, खालचं गुरुजींच्या वाट्याचं.

"मला खोकला नाही," गुरुजी म्हणाले. "पण हे त्याला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगतो."

मी आबांना त्या दिवशी अर्धा तास झापलं. ते मान हलवत होते. मला वाटलं, कळलं. इथेच माझी चूक झाली.

फक्त एक गोष्ट त्यांच्यात कधी निम्मी झाली नाही, ती म्हणजे आबांच्या घरचं जेवण. गुरुजी आबांच्या दारापर्यंत यायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत. विचारलं की दोघंही विषय बदलायचे.

मग आबांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवल्याशिवाय ऑपरेशन नाही. चालणं, पथ्य सगळं करून झालं. म्हणजे पथ्य डॉक्टरांनी सांगितलं आबांना आणि पाळलं सुनेनं. शेवटी डॉक्टरांनी भूक कमी करणारी कॅप्सूल लिहून दिली. तीनच महिने, सकाळी एक. दर पंधरा दिवसांनी बीपी तपासायचं. छातीत धडधडलं तर त्या क्षणी बंद करून दवाखान्यात यायचं. ज्याला बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्याला ही गोळी चालत नाही. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं, मी पाकिटावर लिहिलं आणि वर तोंडानंही बजावलं.

"आणि आबा, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

"भायेरच्याला कशाला दीन मी?" आबा म्हणाले. मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

महिना गेला. आबांचं वजन काही उतरेना. पण मला जास्त काळजी होती ती गुरुजींची. त्यांचं बीपी इतकी वर्षं शहाण्यासारखं वागत होतं, ते अचानक चढायला लागलं. डॉक्टरांनी एकदा गोळी वाढवली, पुन्हा वाढवली. चिठ्ठ्या माझ्याकडेच आल्या. "मीठ कमी करा गुरुजी," मी म्हटलं. ते म्हणाले, "मीठ घालायला आधी भाजी करावी लागते, बाई." मी हसले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, मुलगा पुण्याला, हे मला ठाऊक होतं. तरी मी हसले.

एका सकाळी दुकानाचं शटर वर करते तर पायरीशी आबा उभे. पटका हातात. आबांना पटक्याशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते.

"किसना कट्ट्यावर बसला तो उठंचना. छाती लोहाराच्या भात्यागत उडाय लागली. दवाखान्यात टाकलाय," ते म्हणाले. मग खाली बघून विचारलं, "ताई, माझी ती भुकंची गोळी बीपीवाल्यानं घेतली तर काय हुतंय?"

माझ्या हातातलं कुलूप पायाच्या अंगठ्यावर पडलं. आजही तो अंगठा थंडीत दुखतो.

"कुणी घेतली?"

"निम्मीच."

"आबा, कुणी?"

"टोपान काढायचं, निम्मी पूड माझ्या पेल्यात, निम्मी त्येच्या. दुधात कळत न्हाय."

"त्यांना सांगून?"

"सांगितलं असतं तर घेतली असती व्हय त्येनं? खोकल्याची बाटली परत आणून दिली हुती की तुमच्याकडं."

महिनाभर हा माणूस माझ्याच दुकानातून नेलेल्या गोळीनं गुरुजींचं बीपी चढवत होता, आणि ते उतरवायची गोळी मीच त्यांना देत होते. दोन्ही पाकिटांवर माझंच अक्षर. मी शटर तसंच अर्धवट ठेवलं आणि रिक्षा थांबवली. डॉक्टरांना हे आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं, नाहीतर ते तिथेही गोळ्या वाढवत बसले असते.

आबा रिक्षात बसले की मागे दुसरं कुणी मावत नाही, म्हणून मी रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसले आणि मागे वळून ओरडले, "त्या वाळक्या माणसाला भूक मारायची गोळी? हाडांवर काही उरलंय का त्यांच्या? कशासाठी?"

दसरा चौक गेला तेव्हा आबा बोलले.

"त्यो उपाशी ऱ्हातोय, ताई. वैनी गेल्यापासनं सांजच्याला घरात चूल न्हाय. च्या आन् बटर. मी रोज त्येच्या दारावरनं जातो, मला कळतंय. इचारलं तर म्हणतोय, जेवलोय. माझ्या घरात वीस भाकऱ्या व्हत्यात, आन् माझ्या घशाखाली उतरत न्हाईत. म्हटलं, निदान भूक तरी नगं लागाय त्येला."

"मग जेवायला का नाही बोलावलं?"

"कुठल्या तोंडानं बोलवू?" आबांनी पटका तोंडाला लावला. "सातवीत हुतो आमी. त्येनं कुस्ती मारली म्हणून त्येला घरी जेवाय घेऊन गेलतो. आईनं माझं पान आत मांडलं. त्येचं भायेर, म्हशीच्या दावणीजवळ. त्यो भरल्या पानावरनं उठून गेला. आन् मी आत बसून जेवलो, ताई. सगळं जेवलो. पुन्यांदा भात मागून घेतला."

रिक्षावाल्यानं आरशातून आबांकडे बघितलं आणि रिक्षा जोरात काढली.

"कट्ट्यावर कुणाचा उंबरा न्हाय," आबा म्हणाले, "म्हणून तिथलं दूध तेवढं घेतोय त्यो माझ्याकडनं. त्यातबी मी ह्ये कालवलं."

दवाखान्यात आबांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, न लपवता, नेहमीच्या आवाजात, त्यामुळे ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. डॉक्टर हादरले, मग संतापले, मग त्यांनी आबांचंच बीपी घेतलं. तेही चढलं होतं. आबांची कॅप्सूल तिथल्या तिथे बंद झाली. गुरुजींवर काय उपचार करायचे ते आता डॉक्टरांना नेमकं कळलं होतं. संध्याकाळपर्यंत नाडी ताळ्यावर आली. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. नियमाची माणूस, पण रडले.

दुसऱ्या दिवशी आबा खाटेशी गेले. मी मागे उभी होते. गुरुजींनी डोळे उघडले.

"मास्तरांनी सगळं सांगितलं मला," गुरुजी म्हणाले. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी आबांची कबुली अक्षरशः पाठ केली होती. "मला न सांगता दिलंस. मेलो असतो, शिद्या."

"व्हय."

"भुकेची गोळी दिलीस. भाकरी का नाही दिलीस?"

"तू खाल्ली नसतीस."

"ते मी ठरवलं असतं. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंस?"

आबांनी डोक्यावरचा पटका काढला आणि खाटेच्या पायाशी ठेवला.

गुरुजी घरी आल्यावर आठवड्यानं आबा दुकानात आले. आता गोळ्या बंद, मग हे कशाला आले म्हणून मी पुन्हा धास्तावले. त्यांनी खिशातून कागद काढला. "बीपीवाल्याला आमटीत मीठ किती चालतंय? ल्हिऊन द्या. आन् रविवारी तुमी या. त्यो म्हणाला, साक्षीदार पायजे."

रविवारी मी गेले. सुनेनं दोन्ही पानं स्वयंपाकघरात, शेजारी-शेजारी मांडली होती. गुरुजी उंबऱ्याशी क्षणभर थांबले आणि आत आले. आबांसाठी खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सारली आणि त्या गेलेल्या गुडघ्यांनी, शिव्या घालत, जमिनीवर बसले. नंतर त्यांना उठवायला आम्ही चौघं लागलो.

आबांनी आमटीची पळी भरली. हात गुरुजींच्या पानावर नेला आणि तिथेच थांबला. आमटी ताटात ठिबकत होती.

"किसना," ते म्हणाले, "वाढू का?"

गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं.

"वाढ की," ते म्हणाले.