हजर राहाल तर पद जाईल

नगरपरिषदेचा ठराव बिनचूक टाइप करून हवा असेल तर तो माझ्याच टेबलावर येतो. हे मी नाही म्हणत, आमचे मोठे साहेब म्हणतात. निदान तेव्हापर्यंत म्हणायचे.

त्यामुळे निवडणुकीचे नियम बदलायचे ठरले तेव्हा कागद माझ्याकडेच आले. आमच्याकडे पूर्वी सगळं शहर मिळून अकराच्या अकरा नगरसेवक निवडायचं. मध्येच कुणाची जागा रिकामी झाली की तिथे अध्यक्ष आपल्या मर्जीतला माणूस बसवायचे. या वेळच्या अध्यक्षबाईंनी हे दोन्ही मोडीत काढलं. आता प्रत्येक प्रभागाने आपापला नगरसेवक निवडायचा, आणि जागा रिकामी झाली तर दोन महिन्यांत त्या प्रभागात पोटनिवडणूक घ्यायची. शेवटचं कलम होतं दांडी मारणाऱ्यांसाठी : लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहील त्याचं पद गेलं. ठराव एकमताने मंजूर झाला. वाचला कुणीच नव्हता. मी टाइप केलाय म्हटल्यावर वाचायचा कशाला, असं मला तेव्हा वाटलं आणि छाती जरा फुगलीही.

त्यानंतर दोन सभा झाल्या. तिसरी सोमवारी होती. रविवारी सकाळी कौतुक करून घ्यावं म्हणून ठरावाची छापील प्रत मी बायकोपुढे ठेवली. बायको शाळेत भाषा शिकवते. तिच्या हातात कागद आला की लाल पेन आपोआप येतं. तिने पहिली दोन पानं मुकाट्याने वाचली आणि तिसऱ्यावर थांबली.

"अहो, जो तीन सभांना हजर राहील त्याचं पद जाणार?"

"गैरहजर," मी म्हणालो.

"इथे हजर लिहिलंय."

मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं. 'गैर' कुठेच नव्हता.

मी तसाच अध्यक्षबाईंच्या घरी गेलो. त्यांनी वकिलांना बोलावलं. वकिलांनी कलम दोनदा वाचलं आणि सांगितलं की मंजूर झालं ते मंजूर झालं. दुरुस्ती फक्त सभेतच होईल, आणि सभा पुढे ढकलूनही उपयोग नाही, कारण पुढची सभा कधीही घेतली तरी तिसरीच असणार. मागच्या दोन्ही सभांना आलेले सात जण, अध्यक्षबाईंसकट, या सभेत बसले की घरी जाणार. नाही बसले तर दुरुस्ती कोण करणार? सभेला किमान चौघं लागतात.

"म्हणजे मागे दांडी मारलेले चौघं हवेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त वाईट होतं. "ते चौघं उद्या अकरा वाजता खुर्चीत दिसले नाहीत, तर तुमची खुर्चीही राहणार नाही."

हजेरीपट पाहिला. दांडी मारलेले बरोबर चारच होते. एक दातांचे डॉक्टर. ते निवडून आल्यापासून एकदाही फिरकले नव्हते. मी गेलो तेव्हा ते एका पेशंटच्या तोंडात वाकलेले होते. तसेच वाकून त्यांनी सगळं ऐकलं आणि येतो म्हणाले. पेशंटनेही मान हलवली. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई. त्यांनी मला शिकाऊ गाडीत मागे बसवून तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे बोलणं पुरं झालं. तिसरे पोहण्याचे मास्तर. ते पाण्यातून वर यायची वाट पाहत मी काठावर अर्धा तास उभा होतो. तिघंही तयार झाले.

चौथे माझे सासरे.

सासरे घड्याळजी. नव्या नियमावरच त्यांचा राग होता, म्हणून ठराव आला त्या दिवसापासूनच त्यांनी सभांवर बहिष्कार टाकला होता. त्यांचं म्हणणं असं, की सगळं शहर मला मत देतं कारण मी घड्याळं चांगली दुरुस्त करतो. पण माझ्या गल्लीतले लोक मला ओळखतात, ते कसे देतील? यात तथ्य होतं. गल्लीतल्या प्रत्येकाशी त्यांचं निदान एक भांडण चालू होतं.

बायको बरोबर आली. सासरे डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकावत होते. मी सगळं कबूल केलं. त्यांनी भिंग न काढताच विचारलं, "म्हणजे जावईबापू, मी नाही आलो तर उद्या सभाच होणार नाही?"

"नाही, बाबा."

"आणि ते सात जण बसले तर सातही जातील?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी आशाच सोडली. तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, "बाबा, यांची नोकरी गेली तर आम्ही इथेच राहायला येऊ. वरची खोली रिकामीच आहे. यांना पहाटे तबला वाजवायची सवय आहे, तेवढं चालवून घ्या."

सासऱ्यांनी भिंग काढलं. आत जाऊन शर्टाला इस्त्री करायला घेतली.

सोमवारी अकराला चौघं सभागृहात होते. अध्यक्षबाई आणि बाकीचे सहा जण बाहेर जिन्यावर बसले होते. चुकून पाय आत पडू नये म्हणून एकाने दाराला पाठ केली होती. सासऱ्यांना सभेचे अध्यक्ष केलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, दुरुस्ती वाचली, 'गैर' हा शब्द दोनदा मोठ्याने म्हटला, आणि चार हात वर गेले. दुरुस्ती मूळ ठरावाच्या तारखेपासूनच लागू झाली. सगळा कारभार चार मिनिटांत उरकला. मी भिंतीला टेकलो आणि हळूहळू खालीच बसलो.

मग जिन्यावरचे सगळे आत आले. अध्यक्षबाईंनी मला कामावर ठेवलं, वर पाणीही मागवलं. त्यांनी आभाराचा ठराव मांडला : चार सदस्यांनी पूर्वी दाखवलेल्या गैरहजेरीबद्दल सभागृह त्यांचे मनापासून ऋणी आहे. तो एकमताने मंजूर झाला.

पुढच्या सभेला डॉक्टर आले नाहीत. मी फोन करून विचारलं.

"अहो, तुम्हीच तर आभार मानलेत," ते म्हणाले. "आता सवय कशाला मोडू?"