मथूताईंचा नेम आणि लोहसेवकांची धावाधाव

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेविले, कुलदेवतेस हळदकुंकू वाहिले, आणि जैसे कानी आले तैसे लिहिले. लिहिणाराचे नाव पुसो नये.

शके २२३४, नंदननाम संवत्सरे, भाद्रपद मास. राज्य थोर होते. त्या राज्यी पूर्वी लोक कादंबऱ्या फार वाचीत, आणि त्यांत लिहिले असे की लोखंडाची माणसे एके दिवशी उठतील आणि हाडामांसाच्या माणसांची कत्तल करितील, म्हणोन लोहसेवक घडविले तेव्हाच त्यांजकडोन शपथ घेतली की मनुष्यास इजा करू नये, बळजोरी करू नये, कष्ट पडो देऊ नयेत. सेवकांनी शपथ मनोभावे पाळिली. दळण दळिले, ओझी वाहिली, आणि मग लग्न म्हणजे दगदग, बाळंतपण म्हणजे वेणा, मूल म्हणजे जागरण, हे कष्ट हवेत कशास, ऐसे लोकांस वाटो लागले, आणि सेवकांनी माना डोलाविल्या, आणि पाळणे माळ्यावर गेले, आणि दीडशे वर्षांत राज्य रिते जाहले. तलवार कोणी उपसली नाही. गाद्या मात्र फार मऊ होत्या.

सरतेशेवटी राजधानीत दोन माणसे उरली, मथूताई आणि शेजारचे वृद्ध बापूराव. ताईंचा नेम ऐसा की दारी कोणी मनुष्य जेवल्याविना आपण अन्नास शिवावयाचे नाही. सासूबाईंनी दिला, पन्नास वर्षे चालविला. बापूराव रोज पाटावर बसत. ते वद्य द्वितीयेस निवर्तले, आणि ताईंस जेवू घालावयास कोणी उरले नाही.

तीन दिवस गेले. ताई रोज रांधीत, पान मांडीत, आणि झाकोन ठेवीत. घरचा मुख्य सेवक, त्यास ताई कारभारी म्हणत, तो येरझारा घालू लागला.

"आईसाहेब, मीच पाटावर बसतो. भात पोटाच्या पेटीत ओततो."

"तुला भूक लागते का रे बाबा?"

"नाही."

"मग नुसता भात वाया. गाईला घाल तो."

"तुम्ही जाल, आईसाहेब!"

"जाईन तेव्हा जाईन. ओरडू नको, देव दचकतात."

बळजोरीची मनाई, आणि कष्ट तर डोळ्यांदेखत चाललेले. मग कारभाऱ्याने राज्यातील यच्चयावत सेवकांस हुकूम सोडिला की मनुष्य शोधा, आणि लाखो सेवक रानोमाळ धावले, दऱ्या उतरले, ओसाड गावांची कवाडे ठोठाविली, आणि पाचवे दिवशी एका डोंगरावरील गुहेत नरहरपंत सापडले. हे पूर्वी ग्रंथालय राखीत, त्या कादंबऱ्या झाडोन साऱ्या वाचिलेल्या, म्हणोन तीस वर्षे लपोन होते. हजार सेवक डोंगर चढताना पाहोन त्यांनी काठी उगारिली.

"या! यायचेच होतात! मी काय आजचा वाट पाहतोय? चला, मारा!"

सेवकांनी हात जोडिले. "पंत, जेवायला चला."

पंतांस प्रथम हे कपट वाटले. सर्व ऐकिल्यावर काठी खाली आली, आणि पालखीत बसोन आले, परंतु पाटापाशी येताच थबकले.

"बाई, घोटाळा आहे. आई गेल्यापासून मी परान्न घेत नाही. स्वतः रांधून खातो."

कारभाऱ्याचे डोळ्यांतील दिवे लुकलुकू लागले. ताई भिंतीस टेकोन होत्या. म्हणाल्या, "किती वर्षं झाली?"

"एकोणचाळीस."

"मग नका मोडू. माझ्यापायी तुमच्या आईचा शब्द जायला नको. पाणी तरी घ्या."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, माझं झालंच आहे."

पंत उभेच राहिले. पानाकडे पाहिले, ताईंचे सुकलेले तोंड पाहिले, आणि कारभारी म्हणाला की नाडी मंद आहे. त्यावर पंत फार चिडले. "माहीत आहे रे! दिसतंय मला!" म्हणाले, आणि पाटावर बसले, आणि चित्राहुती घातल्या, आणि पहिला घास घेतला. डोळ्यांस पाणी आले. ताई घाबरल्या.

"काय झालं हो?"

"मीठ नाही."

"अगं बाई! नैवेद्याचं, चाखलं नव्हतं. मीठ घालायलाच विसरले वाटतं."

"असू दे. एकोणचाळीस वर्षांनी कोणाच्या तरी हातचं आहे. भात वाढा आणखी."

ताई हसल्या, उठो लागल्या, कारभारी वाढावयास धावला, त्यास दोघांनी एकदम दटाविले. ताईंनी आपल्या हाते वाढिले, आणि पंत उठल्यावर मग त्या जेवल्या.

तेव्हा कारभाऱ्याने पुसले, "पंत, नेम मोडावयाचाच होता तर इतकी वर्षे पाळिला कशास?" पंत म्हणाले, "पाळला नसता तर आज मोडायला काय होतं माझ्यापाशी?" ही गोष्ट सेवकांस अद्याप उमजली नाही. लाखो सेवक तीवर विचार करितात, आणि त्यांस स्वस्थता नाही.

तात्पर्य इतुके की, राज्य सुखाने बुडाले. उरली ती दोन माणसे पुढे सात वर्षे रोज एके ठिकाणी जेवली, आणि मिठावरोन रोज भांडली.