बिनवासाची जुडी

नोबुए पहाटेच्या गाडीने लेकीकडे नातू बघायला गेली आणि जाताना फडताळातली झटपट शेवयांची झाडून सगळी पाकिटं पिशवीत भरून घेऊन गेली. "डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? मातीतून आलेलं खायचं. उद्या संध्याकाळी येतेच मी, तोवर काहीतरी शिजवून खा," अशी ताकीद तिने आदल्या दिवशीच दिली होती.

तिच्या नवऱ्याने, हिसाओ ओगिनोंनी, उभ्या आयुष्यात पाण्यापलीकडे काही उकळलं नव्हतं. टोपलीतला मांडीएवढा मुळा पाहूनच त्यांना धडकी भरली. याला कुठून कापायला घ्यायचं, हे त्याच्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. मुळ्याकडे पाठ करून त्यांनी दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लांब चपट्या पानांची हिरवीगार जुडी. लसणीची पात असणार! नाव नाही, चिठ्ठी नाही. पण त्या गल्लीत हे नेहमीचंच. ज्याच्या परसात जास्त उगवेल तो शेजाऱ्याच्या दारात ठेवून जातो. घेणारा त्यातलं निम्मं पुढच्या दारी पोचवतो आणि कुणी विचारलंच तर, खाल्लेलं असो वा नसो, "फार छान होतं" म्हणतो.

ओगिनोंनी पात चिरली, अंडी फोडून परतली आणि भातावर घेऊन खाल्ली. चवच लागेना. देवदाराचे पराग उडू लागल्यापासून अख्ख्या गावाची नाकं चोंदलेली होती, त्यांचंही होतं. पण ते विसरून त्यांनी ठरवून टाकलं की निसर्गाची चव अशीच असते, म्हणजे नसतेच. मग उरलेली निम्मी जुडी घेऊन ते छाती पुढे काढून शेजारच्या मुराईआजींकडे गेले. "मी स्वतः रांधून खाल्ली," हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

घरी येऊन त्यांनी ताणून दिली. संध्याकाळी उठून ते कढई विसळायला घेणार, तोच खांबावरचा नगरपालिकेचा कर्णा खरखरला. "नागरिकांनी लक्ष द्यावे. शेजारच्या गावी लसणीची पात समजून नरगिस या फुलझाडाची पाने खाल्ल्याने एक कुटुंब इस्पितळात दाखल झाले आहे. नरगिस विषारी आहे. दोन्ही पाने दिसायला सारखीच असतात. लसणीला वास येतो, नरगिसाला लसणीचा वास येत नाही. शंका असल्यास हुंगून पाहावे."

ओगिनोंनी ताटलीला नाक लावलं. काही नाही. कढईत डोकं घातलं. काही नाही. खिडकीतून बाहेर बघतात, तर कोपऱ्यावरचा नरगिसाचा वाफा कुणीतरी बुडापासून कापलेला! त्यांच्या पोटात गोळा उठला. तो भीतीचा की विषाचा, हे कळायला मार्ग नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे, मुराईआजी! आपण आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला आणि पहिल्याच दिवशी दोन बळी. अनवाणीच ते शेजारी धावले.

"आजी! ती भाजी..."

"अरे, फार छान होती हो!" मास्कमागून आजी म्हणाल्या. "निम्मी सेगावांनाही दिली."

ओगिनोंनी दाराची चौकट धरली. सेगावा म्हणजे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. "पोटात कसंतरी होतंय का, आजी?"

"या वयात रोजच होतं."

"अहो, तसं नाही! आजच्यापुरतं वेगळं काही?"

आजींना उत्तर सुचायच्या आत ओगिनो त्यांचा हात धरून सेगावांच्या दारात पोचले होते. सेगावा कात्रीला तेल लावत बसले होते.

"सेगावाभाऊ, ती जुडी—"

"फार छान होती!" सेगावा उठून उभे राहिले.

ओगिनोंनी हात जोडले. "माफ करा! ती लसणीची नव्हती बहुतेक. नरगिस होतं. मी तुम्हा दोघांना विष घातलं!"

सेगावांचा चेहरा पडला. मग हळूहळू त्यावर वेगळाच उजेड पसरला. "खरं सांगू? मी खाल्लीच नाही. बायकोला वास चालत नाही."

"मीही नाही खाल्ली," आजी म्हणाल्या. "दात कुठे आहेत मला? सगळी यांनाच दिली."

"म्हणजे... मी एकटाच?"

"एकटेच!" दोघंही एकदम म्हणाले. दोघांनाही हायसं वाटलेलं लपत नव्हतं.

ओगिनोंच्या तोंडचं पाणी पळालं. इतका वेळ आजींच्या काळजीने धरून ठेवलेली मळमळ आता मोकळी सुटली. "पण तो वाफा कुणी कापला?"

"मीच, काल. फुलं सुकली होती. पण पानं कचऱ्यात टाकली, आईशप्पथ!"

"मग ती जुडी कुठाय? हुंगून बघू!"

सेगावा खाली बघत म्हणाले, "तुमच्याच दारात ठेवून आलो मघाशी. तुम्हाला रांधायची आवड लागलीय, असं आजी म्हणाल्या."

तिघंही धावले. जुडी उंबऱ्यापाशी होती. मास्क उतरवून तिघांनी आळीपाळीने हुंगली. आजी शिंकल्या, सेगावा शिंकले, वास मात्र कुणालाच आला नाही. ओगिनो पायरीवर बसले. नातवाचा फोटोही अजून पाहिला नव्हता. "नोबुएला सांगा," ते कसेबसे म्हणाले, "मी मातीतलंच खाल्लं." सेगावा रुग्णवाहिकेला फोन लावू लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि नोबुएने पदार्पण केलं ते दिवसभर लेकीच्या गावी राहून मोकळं झालेलं नाक दाबूनच. "ईई! काय हा लसणीचा भपका! पार बसथांब्यापर्यंत येतोय. अहो, खिडक्या तरी उघडायच्या!"

"काय म्हणालीस? परत म्हण!" ओगिनोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लसूण! आणि ही जुडी अजून दारातच? पहाटे आपल्या परसातून कापून तुमच्यासाठी ठेवली होती मी, जाता-येता दिसेल म्हणून."

सेगावांनी फोन खिशात टाकला. आजींनी नुसतंच "अगं बाई" केलं आणि दोघं आपापल्या घरी गेले. ओगिनोंच्या जिवात जीव आला. मळमळ कुठल्या कुठे पळाली.

नोबुए जुडीकडे बघत होती. "निम्मीच दिसतेय. खाल्लीत ना? कशी होती?"

चव कशी होती, हे ओगिनोंना काय ठाऊक! पण आज आपण जिवंत आहोत, या आनंदात ते मनापासून म्हणाले, "फार छान होती!"

नोबुएने पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे खाल्ली नाहीत," ती म्हणाली आणि शेवयांची रिकामी पाकिटं शोधायला थेट कचऱ्याच्या डब्याकडे गेली.