अंड्यांच्या व्हॅनमधून वाळवंट

"दुबईचं वाळवंट? हॅ! डोळे मिटून गाडी घालतो मी तिथं!"

धैर्यशील घोरपडेनं आमटीभाताचा घास तोंडात असतानाच हे जाहीर केलं आणि वर पापड मोडला. कडाडकन आवाज झाला. त्याच क्षणी त्याची बायको मधुवंती हिनं कपाळाला हात लावला, कारण समोर उल्काआत्या बसली होती.

उल्काआत्या म्हणजे धैर्यशीलची सख्खी आत्या. सांगलीच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेली. लहानपणी धैर्यशीलला पोहायला तिनंच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, कृष्णेच्या घाटावरून ढकलून दिलं आणि वरून शिट्टी वाजवली! अशा बाईसमोर फुशारकी मारायची म्हणजे चालत्या पंख्यात बोट घालण्यासारखंच.

शहाण्णव सालची ही गोष्ट. धैर्यशील मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनीअर होता. सहा-सात महिने दर्यावर काढायचे आणि मग सिंगापूरला टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन बायकोला जगभरच्या गप्पा सांगायच्या, असा त्याचा शिरस्ता. गप्पा फार रंगायच्या. त्यात अडचण एकच होती. बोट कुठल्याही बंदराला लागली की इंजिनात नेमकं काहीतरी बिघडायचं आणि हा गडी तळाशी ऑइल पुसत बसायचा. दुबईला तो अनेकदा गेला होता आणि दुबईत त्यानं एक जेटी, दोन क्रेन आणि सुटे भाग पोचवायला येणारा एक पठाण ड्रायव्हर एवढंच पाहिलं होतं. वाळवंटाबद्दल जे काही ठाऊक होतं, ते त्या पठाणाच्या तोंडून!

आत्या तीन आठवड्यांसाठी सिंगापूरला आली होती. परत गेल्यावर ती सांगलीच्या महिला मंडळाबरोबर दुबईला जाणार होती. सोनं, अत्तर, खजूर आणि शेवटच्या दिवशी जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर सफारी! पण मंडळाच्या अध्यक्षा सुचित्राबाईंनी फतवा काढला होता, की साठीच्या पुढच्या बायकांनी जीपमध्ये बसायचं नाही. त्यांनी तंबूत बसून खजूर खायचे.

"मला म्हणते, तंबूत बसा!" आत्या कडाडली. "मला! अजून दोन जिने चढून पाण्याची बादली नेते मी! धैर्या, तू एवढा तिथला माहीतगार, तर मला सराव करून दे. सरावाशिवाय मी कधी कुठल्या पोरीला मैदानात उतरवलं नाही. मग मी तरी कशी उतरू?"

"दिला असता गं आत्या," धैर्यशील हळहळला. हळहळ इतकी अस्सल होती की त्याचं त्यालाच भरून आलं. "पण सिंगापुरात वाळवंट कुठून आणू?"

"ते काय!" आत्यानं आमटीच्या हातानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

अकराव्या मजल्यावरची खिडकी. बाहेर बांबूवर मधुवंतीचे ड्रेस वाळत होते आणि त्यांच्या मधल्या फटीतून, दूर फ्लॅट्सच्या रांगेपलीकडे, पिवळेधमक डोंगर दिसत होते. बांधकामासाठी बोटीनं आणून ओतलेली वाळू! सिंगापूर म्हणजे रोज नवी इमारत. त्यासाठी लागणाऱ्या वाळूचे हे ढीग चार-चार मजले उंच होते.

"विमानतळावरून येतानाच हेरून ठेवलंय मी," आत्या म्हणाली. "रविवारी जाऊ."

आता गाडी पाहिजे. सिंगापुरात स्वतःची गाडी म्हणजे राजेशाही थाट, तेव्हा तिथंच सगळं अडेल, अशी धैर्यशीलला आशा होती. तरी आत्याच्या समाधानासाठी त्यानं शेजारच्या मिस्टर टॅनना विचारलं. टॅनसाहेबांचा दुकानांना अंडी पुरवायचा धंदा होता आणि त्यांच्याकडे एक म्हातारी पांढरी व्हॅन होती. ते नाही म्हणतील याची धैर्यशीलला खात्री होती. म्हणूनच त्यानं अगदी आग्रहानं विचारलं!

"कॅन, कॅन!" टॅनसाहेबांचा चेहरा उजळला. "संडे ऑल्सो कॅन! आय ऑल्सो फॉलो! बट एग्ज इन्साइड, हां. मंडे डिलिव्हरी. यू ड्राइव्ह स्लोली-स्लोली, लाह!"

धैर्यशीलनं "थँक यू" असं म्हटलं, की वाटावं याला फाशीची तारीख कळलीय.

रविवारी सकाळी आत्या तयार होऊन आली. पंजाबी ड्रेस, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर क्रिकेटची टोपी, नाकाला ओढणी आणि गळ्यात शिट्टी! लिफ्टमधली एक चिनी आजी घाबरून कोपऱ्यात सरकली. मधुवंतीच्या हातात हॅन्डीकॅम होता. सुचित्राबाईंना पुरावा पाहिजे, असं आत्याचं म्हणणं.

ढिगांपाशी कुंपण होतं, पण फाटक सताड उघडं. आत चिटपाखरू नाही. टॅनसाहेब खाली उतरले आणि त्यांनी अदबीनं स्टिअरिंग धैर्यशीलच्या हवाली केलं.

"यू एक्स्पर्ट. यू ड्राइव्ह."

मधुवंती त्याच्या कानाशी लागली. "खरं सांग. तू गेलायस का कधी वाळवंटात?"

"बंदरावरून सगळं दिसतं," धैर्यशील म्हणाला आणि घाईघाईनं चाकापाशी वाकला.

त्या पठाणाचं एक वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं होतं. वाळूवर जाण्याआधी टायरमधली हवा काढायची! किती काढायची, ते पठाणानं सांगितलंही असेल, पण नेमका तेव्हा बोटीचा भोंगा वाजला होता. मग धैर्यशीलनं विचार केला, की थोडी काढून फायदा होत असेल, तर जास्त काढून जास्त होणार! चारी चाकांतून फुस्स फुस्स आवाज निघाला. व्हॅन म्हातारी म्हैस बसावी तशी हळूहळू खाली बसली.

"इज इट लाइक धिस?" टॅनसाहेबांनी चिंतेनं विचारलं.

"दुबई स्टाइल," धैर्यशील म्हणाला.

सगळे बसले. आत्या मागं अंड्यांच्या ट्रेना पाठ लावून. तिनं शिट्टी फुंकली. धैर्यशीलनं दात-ओठ खाऊन ॲक्सिलरेटर दाबला. व्हॅन गुरगुरली, थरथरली, वाळूच्या उतारावर धाडकन चढली... आणि दोन पुरुष उंचीवर जाऊन थांबली! मागची चाकं गरागरा फिरत होती आणि व्हॅन वर जाण्याऐवजी खाली जात होती. टॅनसाहेबांच्या खिडकीबाहेर आधी आकाश होतं, मग वाळू दिसायला लागली.

"थांब! थांब!" मधुवंती किंचाळली. "आपण पुरले जातोय!"

"घाबरायचं नाही!" आत्यानं आज्ञा सोडली. "सगळे खाली! गाडी हलकी करा! आधी अंडी उतरवा!"

मग त्या टळटळीत उन्हात चौघांनी साखळी धरली आणि अंड्यांचे ट्रे एकेक करून वाळूवर उतरवले. उतरवता उतरवता एक ट्रे धैर्यशीलच्या हातून निसटला आणि अंडी उतारावरून खाली पोरं शाळेतून सुटल्यासारखी धावली. टॅनसाहेब "आय्या! आय्या!" करत त्यांच्या मागं. थोड्या वेळानं वाळूच्या त्या अफाट पिवळ्या पसाऱ्यावर पांढऱ्याशुभ्र अंड्यांच्या ओळीच ओळी लागल्या. मग व्हॅन ढकलणं सुरू झालं. आत्याच्या शिट्टीवर, एक... दोन... जोर! दर शिट्टीला व्हॅन आणखी वीतभर खाली जात होती.

इतक्यात मागून आवाज आला.

"हॅलो! हिअर कॅनॉट सेल एग्ज, हां!"

साइटवरचा गार्ड होता. खाकी शर्ट, हातात छत्री. त्यानं अंडी पाहिली, चार घामाघूम माणसं पाहिली, रुतलेली व्हॅन पाहिली आणि विनापरवाना बाजार भरल्याचा निष्कर्ष काढला.

परदेशात पोलीस केस! कंपनीला कळलं तर नोकरीवर पाणी! धैर्यशील घाईघाईनं म्हणाला, "नो सेलिंग, सर! एग्ज आर ओन्ली... रेस्टिंग!"

"रेस्टिंग?" गार्डनं छत्री मिटली. खिशातून वॉकीटॉकी निघाली.

"धैर्या, बाजूला हो!" आत्या पुढं आली. खोटं बोलणाऱ्या मुलींना तिनं मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. ती कसली खोटं बोलतेय! तिनं ताठ उभं राहून शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, "सर, वुई आर डूइंग डेझर्ट सफारी. माय नेफ्यू इज एक्स्पर्ट."

"डेझर्ट?" गार्डनं चारी बाजूंना पाहिलं. "व्हेअर गॉट डेझर्ट?"

"धिस!"

"आंटी, धिस वन फॉर मेकिंग फ्लॅट, लाह!"

मग गार्डची नजर वाळूत कमरेपर्यंत बुडालेल्या व्हॅनकडे गेली, तिथून एक्स्पर्टकडे आली आणि तो जो हसत सुटला, तो हसता हसता छत्रीवर रेलला. वॉकीटॉकीवरून त्यानं पोलिसांऐवजी बुलडोझरवाल्याला बोलावलं. सगळ्यांना गाडीसकट लगेच बाहेर काढतो, म्हणाला.

"लगेच कसं?" आत्या म्हणाली. "टेकडीचं टोक राहिलंय की!"

"नो, नो, आंटी! कॅनॉट! डेंजर!"

आत्यानं बुटाच्या नाड्या घट्ट केल्या, शिट्टी वाजवली आणि चढायला लागली! एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरायचं. खाली गार्ड "कॅनॉट! कॅनॉट!" ओरडत होता. धैर्यशील मागं धावला आणि चौथ्या पावलाला गुडघाभर रुतून बसला. आत्या मधेच थांबली. धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. वळली आता, असं सगळ्यांना वाटलं. मधुवंतीनं तर हाक मारायला तोंड उघडलं. पण आत्यानं ओढणी कमरेला खोचली, हातापायांवर आली आणि रांगत रांगत निघाली. वाळू तिच्या बाह्यांत, केसांत, तोंडात जात होती. तिचं लक्ष फक्त टोकाकडे होतं.

आणि ती पोचली! वर उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं सगळीकडे नजर फिरवली. डोक्यावरून एक विमान उतरत होतं. लांब समुद्रावर बोटी थांबल्या होत्या. धैर्यशील गुडघाभर वाळूतून तिच्याकडे बघत राहिला. मंडळानं हिला तंबूत बसवायचं ठरवलं होतं! त्याला एकदम इतका अभिमान वाटला की आपण रुतलोय हेही तो विसरला.

"छान आहे रे!" वरून आवाज आला. "आता उतरू कशी?"

याचं उत्तर एक्स्पर्टकडे नव्हतं. उत्तर टॅनसाहेबांनी फेकलं. अंड्यांचा रिकामा प्लॅस्टिकचा ट्रे, चाकासारखा फिरवत! दोनदा हुकला, तिसऱ्यांदा आत्यानं झेलला. ती त्यावर मांडी घालून बसली, शिट्टी दातांत धरली आणि सुर्रर्र करत खाली आली! शिट्टी अखंड वाजत होती. धैर्यशीलला तिनं वाटेत आडवा केला, अंड्यांच्या दोन ओळी पार केल्या आणि थेट गार्डच्या बुटांपाशी येऊन थांबली.

मधुवंती हे सगळं टिपत होती. पण तिला हसू इतकं अनावर झालं होतं, की कॅमेरा भूकंपात सापडल्यासारखा हलत होता.

पुढं बुलडोझरनं व्हॅन ओढून काढली. चाकांत हवा भरायला गार्डनं आपला सायकलचा पंप दिला. धैर्यशीलनं चारी टायर त्या पंपानं भरले. आत्या शेजारी उभी राहून "एक-दोन, एक-दोन" करत होती. फुटलेल्या अंड्यांची भरपाई म्हणून घोरपडे कुटुंबानं वाचलेली, तडकलेली सगळी अंडी विकत घेतली आणि आठवडाभर सकाळी ऑम्लेट, दुपारी अंडाकरी आणि रात्री भुर्जी खाल्ली. धैर्यशीलचं म्हणणं एवढंच होतं, की ही वाळू बांधकामाची, दुबईची वाळू वेगळी असते.

आत्या सांगलीला गेली. तिथं मंडळात तिनं कॅसेट लावली. पडद्यावर वाळू थरथरतेय, आकाश उलटंपालटं होतंय, व्हॅन गायब होतेय आणि बायकांच्या किंकाळ्या! ते पाहून सुचित्राबाईंनी घाम पुसला आणि फतवा मुकाट्यानं मागं घेतला. आत्या दुबईत जीपमध्ये बसली. तीही पुढच्या सीटवर!

दुबईहून परतल्यावर तिचा फोन आला. आयएसडीवर ती इतकी जोरात बोलायची की रिसीव्हर हातभर लांब धरावा लागे.

"धैर्या! अरे, कसली ती सफारी! जीप वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. संपलं! एकदासुद्धा रुतली नाही! मी त्या ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, चाकातली हवा काढ की सगळी. तर माझ्या तोंडाकडं बघत बसला. काही म्हणजे काही येत नाही त्यांना!"

"असतात काही काही असे," धैर्यशील पुटपुटला.

"मी सुचित्राला तिथंच सांगितलं, खरं वाळवंट बघायचं तर माझ्या भाच्याबरोबर! सगळ्यांना पटलं. दिवाळीनंतर आख्खं मंडळ सिंगापूरला येतंय. गाडी तूच चालवायचीस. जमेल ना?"

स्वयंपाकघरात मधुवंतीच्या हातातला झारा थांबला. ती नुसती डोळ्यांनीच म्हणत होती, सांग. आता तरी सांग!

धैर्यशीलनं खोल श्वास घेतला. मनाचा हिय्या केला. खरं ते सांगून टाकायचं, असं पक्कं ठरवून त्यानं तोंड उघडलं.

"या की! सगळ्याच या! मी आहे ना!"

मग त्यानं रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "मधू, टॅनसाहेब घरी आहेत का, बघ गं जरा."